हत्तीन, जुलै ११८७: पाणी सोडून निघालेलं सैन्य

२ जुलै, संध्याकाळ. गॅलिलीतल्या सफ्फूरियाच्या झऱ्यांवर जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची जवळजवळ सगळी फौज तळ देऊन आहे. बाराशेच्या आसपास चिलखती स्वार, पायदळ धरून अठरा-वीस हजार माणूस. खबर येते: सुलतान सलाउद्दीनने तिबेरियस शहर घेतलं, एशिवा किल्ल्यात अडकली आहे. एशिवा ही त्रिपोलीच्या रेमंडची बायको. तरीही सभेत ‘निघू नका’ म्हणतो तो रेमंडच. तिबेरियस पंचवीसेक किलोमीटरवर, आणि वाटेत एवढ्या फौजेची तहान भागेल असं पाणी नाही. शहर गेलं तर जाऊ द्या; दाणावैरण संपली की सलाउद्दीन आपणहून परत फिरेल. राजा गीला पटतं. सभा उठते.

मध्यरात्र. टेंपलर या लढवय्या संन्याशांच्या पंथाचा मुख्य जेरार राजाच्या तंबूत शिरतो. रेमंड फितूर आहे, त्याचं ऐकू नका, असं राजाच्या मनात भरवतो. संशयाला जागा होती. कालपरवापर्यंत रेमंडचा सलाउद्दीनशी स्वतंत्र तह होता. शिवाय जेरारला कबूल केलेलं श्रीमंत स्थळ रेमंडने ऐनवेळी पिसाच्या व्यापाऱ्याला दिलं, ही जेरारची जुनी अढी बखरकार नोंदवतात.

हा टेंपलर पंथ पुढे मोडला गेला, पण पोर्तुगालमध्ये १३१९ साली त्याचा वारसदार उभा राहिला आणि त्याचाच क्रूस पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर चढला. १५०७ मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने मस्कत जाळलं, ते याच शिडांखालून उतरून. मी राहतो त्या मस्कतच्या दार्सैत भागातून मत्रहचा किल्ला गाडीने काही मिनिटांवर आहे. धर्मयुद्ध ही कुठली तरी लांबची गोष्ट, असं इथे राहून म्हणवत नाही.

गीने रात्रीत निर्णय का फिरवला? त्याला मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण ११८३ मध्ये हाच गी राज्याचा कारभारी होता, हाच सलाउद्दीन चालून आला होता. तेव्हा गी पाण्याजवळ बसून राहिला, लढाई टाळली, आणि सलाउद्दीन खरोखरच परत गेला. त्याबद्दल शाबासकी मिळायची, तर भित्रा म्हणून छीथू झाली आणि थोड्याच दिवसांत कारभारही काढून घेतला गेला. बरोबर वागल्याची शिक्षा भोगलेल्या माणसाला चार वर्षांनी पुन्हा तोच निर्णय घ्यायचा होता. माझ्या मते राज्य बुडालं ते त्या रात्री राजाच्या तंबूत.

३ जुलै, पहाट. कूच. मुलूख रेमंडचा, म्हणून आघाडीला तो. मध्ये राजा आणि येशूला ज्यावर खिळलं असं मानत तो पवित्र क्रूस. पिछाडीला टेंपलर, तसाच दुसरा लढवय्या पंथ हॉस्पिटलर आणि इबेलिनचा सरदार बालियान.

सकाळ सरताना. तुरानचा झरा. सगळ्यांना पुरेल इतकं पाणी नाही, पण आहे. इथे थांबता आलं असतं, चूक कळली म्हणून माघारी वळताही आलं असतं. गी पुढे जातो. सैन्याची पाठ फिरते न फिरते तोच सलाउद्दीनच्या तुकड्या तुरानचा ताबा घेतात. आता पाणी मागेही नाही.

दुपार. इथे ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. रस्त्यापलीकडच्या बांधकामावरची माणसं त्या वेळात सावलीला पाण्याची बाटली उशाशी घेऊन आडवी होतात. त्यांच्या अंगावर सुती सदरा असतो. गॅलिलीत आमच्याइतकं तापत नसेल. पण गीच्या माणसांच्या अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत, त्याखाली जाड गादीचा अंगरखा आणि वरून बाणांचा मारा होता. पिछाडी जागीच खिळते.

रात्र. मस्कानाच्या कोरड्या माळावर मुक्काम. पलीकडे सलाउद्दीनच्या छावणीत उंट गॅलिलीच्या तळ्यावरून पाण्याच्या पखाली वाहत आहेत, सत्तर उंटांवर राखीव बाण लादलेले आहेत. ख्रिस्ती तळाभोवतीच्या वाळक्या गवताला आग लावली जाते. धूर नेमका तहानलेल्यांच्या घशात.

४ जुलै, सकाळ. पायदळाची फळी मोडते. माणसं हत्तीनच्या जोडशिखरावर चढून बसतात. राजाने बोलावलं तरी खाली यायला तयार नाहीत. रेमंड घोडदळासह मुसंडी मारतो. सलाउद्दीनचा पुतण्या तकी अल-दीन फळी उघडून त्याला वाट देतो आणि पुन्हा मिटवून घेतो. रेमंड बाहेर पडला, पण आत यायला रस्ता उरला नाही.

दुपार. क्रूस हाती लागतो, राजाचा लाल तंबू कोसळतो. गी जिवंत सापडतो, जेरारही. आदल्या वर्षी सलाउद्दीनशी असलेला तह मोडून काफिला लुटणाऱ्या सरदार रेनोची मान मात्र त्याच दिवशी जाते.

५ जुलै. एशिवा किल्ला खाली करते. जिच्यासाठी एवढं सगळं झालं, तिला सलाउद्दीन सन्मानाने, माणसांसह त्रिपोलीला जाऊ देतो. पुढच्या आठवड्याभरात आक्का बंदराने दारं उघडली आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेमने. लढणार तरी कोण? गढ्यागढ्यांतली शिबंदी उचलूनच तर सफ्फूरियाची फौज जमवली होती.