तंद्री म्हणजे झोप नव्हे

बालकवींचा जन्म धरणगावचा, १३ ऑगस्ट १८९०. मृत्यू ५ मे १९१८ रोजी, जळगावजवळच्या भादली स्टेशनात, रेल्वे अपघातात. वय अवघं २७. त्या अपघाताविषयी बोलणं निघालं की एक शब्द हमखास येतो: तंद्री. कवी आपल्या तंद्रीत होते, गाडी आलेली कळलीच नाही. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं हे कोण सांगणार? पण लोकांच्या तोंडी हाच शब्द का आला, याचा शोध घेण्यासारखा आहे.

संस्कृतात तन्द्रा म्हणजे पेंग, सुस्ती, आळस. आयुर्वेदात तर ते दुखण्याचं लक्षण. मराठीत पेंगेचा अर्थ अजून आहेच, पण त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला: एखाद्या गोष्टीत मन इतकं बुडणं, की भोवतालचं भान राहू नये. गाण्याची तंद्री लागते, वाचनाची लागते. पेंगणारा काय आणि बुडालेला काय, हाक मारली तर दोघंही ओ देत नाहीत. मला वाटतं, या वरवरच्या सारखेपणातूनच अर्थ सरकला असावा. आतली गोष्ट मात्र अगदी उलट असते.

बालकवी जन्मले त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात लक्ष या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. एकाकडे लक्ष देणं म्हणजे बाकीच्यांवरून ते काढून घेणं, हे जेम्सनी तेव्हाच मांडलं. म्हणजे तंद्रीत लक्ष नसतं असं नाही. ते सगळंच्या सगळं एका जागी खर्च झालेलं असतं.

लक्ष या शब्दाचा प्रवासही असाच बाहेरून आत झालेला. संस्कृतात लक्ष म्हणजे खूण, नेम धरायची जागा. मराठीत ती जागा पाहणाऱ्याच्या मनात गेली. म्हणून ‘लक्ष वेधून घेतलं’ म्हणताना बाण समोरून येतो आणि लागतो आपल्याला. १९५९ साली मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी हेच प्रयोगात पाहिलं. एका कानातलं बोलणं शब्दशः म्हणत राहा, दुसऱ्या कानातलं सोडून द्या, असं त्यांनी लोकांना सांगितलं होतं. दुसऱ्या कानातलं बहुतेक सगळं वाया गेलं. पण त्यात स्वतःचं नाव आलं, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. लक्ष देणं आपल्या हातात असतं, वेधलं जाणं नसतं. मराठीची क्रियापदं हा भेद रोज पाळतात.

लक्ष नसण्याचे शब्द तर त्याहून नेमके आहेत. कानाडोळा आज आपण कान आणि डोळा असा ऐकतो, पण तो मूळचा काणाडोळा. काणा म्हणजे एका डोळ्याचा. दिसत असून न पाहणं, जाणूनबुजून. अनवधानात हेतू नसतो. अवधान म्हणजे मन नेऊन ठेवणं, आणि तेच राहून गेलेलं असतं.

सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९च्या प्रयोगात चेंडूच्या फेका मोजायला बसलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना समोरून गेलेला गोरिल्लाचा वेश घातलेला माणूस दिसलाच नाही. २००६ मध्ये अशाच एका प्रयोगात मुलांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा ज्यांना तो दिसला नाही त्यांचेही डोळे सुमारे सेकंदभर त्याच्यावर होते. याला काणाडोळा म्हणणं अन्यायच. ते मोजणीच्या तंद्रीत होते.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासाकडे दुर्लक्ष’ असा एकच शेरा मारू नका. मूल कानाडोळा करतं, अनवधानानं चुकतं, की तंद्रीत असतं, ते पाहून लिहा. आणि तंद्री असेल तर ती कशाची, तेही लिहा.