दंतवैद्यांची एकत्र शाळा

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली माणसे ऊसतोडीला निघतात. गाडीत कोयता असतो, पांघरुणे असतात, बाजरीचे पीठ असते आणि पुष्कळदा मिशरीची डबीही असते. फडात दाढ ठणकू लागली, की तीच डबी उघडायची, हिरडीला मिशरी चोळायची आणि पुन्हा कामाला लागायचे. दवाखाना गाठायचा तो चार-पाच महिन्यांनी, गावी परतल्यावर. अशा माणसाने तोंड उघडले, की समोरच्या दंतवैद्याला ते नीट वाचता आले पाहिजे. हे वाचन तो कोठे शिकतो, हे आज पाहू.

पूर्वी आठवडी बाजारात वैदू बसे, तोच दात उपटून देई. कोठे न्हावी हे काम करी. बापाचे पाहून मुलगा शिके. आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यांसाठी एक नियतकालिकही सुरू केले. एका गावच्या डॉक्टरला आलेला अनुभव दुसऱ्या गावच्या डॉक्टरला वाचायला मिळण्याची सोय त्यामुळे झाली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय दंत महाविद्यालय यायला १९८२ साल उजाडावे लागले.

१९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात नोंदणीचे दोन भाग होते. ‘अ’ भागात पदवी-पदविकावाले. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे हाच धंदा करून पोट भरणारे. म्हणजे कायद्याने अनुभवालाही मान दिला. ते योग्यच झाले. पण अनुभवाची एक खोड असते. माणूस एकटाच काम करीत असला, तर त्याची चूक दाखवायला कोणी नसते. तीस वर्षे तीच चूक करणाऱ्यालाही मग आपण ‘अनुभवी’ म्हणू लागतो!

आणि पदवीवाल्यांचे तरी काय? त्यांची पुस्तके बहुतेक परदेशात लिहिलेली. तंबाखू-सुपारीने आपल्याकडच्या तोंडाचे काय होते, हे त्या पुस्तकांत कितीसे असणार? सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडत जाते, घास आत जाईनासा होतो. हा रोग वैद्यकाच्या लिखाणात ठळकपणे आला तो १९५२ साली. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांची हकीकत मांडली. लगेच १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी इकडच्या रुग्णांवर लिहिले. दोन दूरच्या ठिकाणी पाहिलेली गोष्ट एकमेकींशेजारी आली, तेव्हा हे काहीतरी एकच दुखणे आहे, हे उमगू लागले.

पुढचे पाऊल फार मोठे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचे दंतसंशोधनाचे पथक होते. कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग त्यांच्या सोबतीला होते. १९६६ नंतर या मंडळींनी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. एकट्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसे तपासली गेली. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला.

अशा पाहणीत अडचण कोणती येते? एका डॉक्टरने ज्याला कर्करोगाआधीचा पांढरा चट्टा म्हटले, त्याला दुसऱ्याने साधा डाग म्हटले, तर सारी मोजदाद फुकट. म्हणून तपासणाऱ्यांना आधी एकत्र बसावे लागते. एकच तोंड सर्वांनी पाळीपाळीने पाहायचे, आपापला निर्णय लिहायचा आणि मग ताडून बघायचा. कोण चुकला, का चुकला, हे सर्वांसमोर बोलायचे. थोरल्या डॉक्टरलाही येथे ‘माझे चुकले’ म्हणावे लागते. पदवीनंतरचे खरे शिक्षण ते हेच.

या पाहण्यांतून दिसले ते असे : तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे चट्टे बहुतेक सगळे तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांतच सापडतात. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातेतल्या सुमारे ३६,००० तंबाखूकरांना वर्षानुवर्षे समजावून सांगण्यात आले. काहींनी सवय सोडली, काहींनी कमी केली, आणि पांढरे चट्टे नव्याने उठण्याचे प्रमाण घटले. नुसत्या सांगण्यानेही रोग टळतो, याचा हा पुरावा.

२००७ साली भारतीय दंत परिषदेने निरंतर शिक्षणाचा नियम केला. पाच वर्षांत १५० गुण मिळवावेत, असे त्यात ठरले. व्याख्याने ऐकून, शिबिरांना जाऊन हे गुण मिळतात. नियम चांगला आहे. पण हजेरी लावून गुण मिळतात आणि विद्या मिळतेच असे नाही, हे आपल्या शिक्षक बंधु-भगिनींना मी काय सांगावे!

आज खुद्द बीडमध्ये दंत महाविद्यालय आहे, अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी आष्टी, पाटोदा, धारूरकडचा दंतवैद्य आपल्या खुर्चीपाशी बहुधा एकटाच असतो. तालुक्यातल्या चौघा-पाच जणांनी महिन्यातून एकदा जमावे, आपले अडलेले रुग्ण, फसलेले उपचार एकमेकांपुढे ठेवावेत. याला मोठा खर्च लागत नाही. थोडा अभिमान मात्र बाजूला ठेवावा लागतो.

आणि श्रोतेहो, थोडे काम आपलेही आहे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहा. जात नसतील, किंवा तोंडातला चट्टा, जखम दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल, तर ऊसतोडीचा हंगाम संपण्याची वाट पाहू नका. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ सालीच बंदी झाली. मिशरीची डबी मात्र अजून आपल्याच हातात आहे. गुरुजींनी हे शाळेत सांगावे, म्हणजे मुले घरी आईला सांगतील. डॉक्टरांनी एकमेकांकडून शिकावे, आपण मुलांकडून शिकावे. शिकण्यात कमीपणा कसला?