दवाखान्याची सोय झाली, घरच्या सेवेचं काय?



गिरण्यांच्या काळापासून आपल्या रत्नागिरीचे चाकरमानी मुंबईला गेले. गावी मनिऑर्डर आली, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांची सेवा घरच्या बाईकडे आली. तिच्या कष्टांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

दवाखान्याच्या खर्चाला मात्र आधार मिळत गेला. राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे आली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण हा विमा दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. घरी कूस बदलायला, आंघोळ घालायला तो माणूस देत नाही.

जपानने हे आधीच भोगलं. १९७३ साली तिथे सत्तरीपुढच्यांचे उपचार मोफत झाले. घरी बघणारं कुणी नाही म्हणून कित्येक म्हातारी माणसं महिनोन्महिने दवाखान्यातच राहू लागली. खर्च फुगला. १९८३ साली हिगुची केइको यांनी बायकांची संघटना उभी केली. सेवेचा भार एकट्या सुनेवर नको, हा विचार तिने लावून धरला. २००० साली सेवेचा वेगळा विमा आला. चाळिशीपासून हप्ता, उरलेला निम्मा वाटा सरकारी तिजोरीतून. मदतनीस घरी येऊ लागली.

आपल्याकडे असा सरकारी विमा नाही. म्हणून बचतीच्या वहीशेजारी सेवेचे तासही लिहू या, आणि ती वही ग्रामसभेत उघडू या.