रंगाचा पहिला धनी कोण?

नगर जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरात निराळी जातीची नोंद आहे. सूत निळीत रंगविणे हा तिचा धंदा. निळीचा रांजण नीट आंबला की नाही, हे मुरलेल्या रंगाऱ्याला वासावरून कळते. हे ज्ञान बापाच्या हातून मुलाच्या हातात जाते. कागदावर चढत नाही. असा कारागीर पेटंटाच्या कोर्टात उभा राहिला, तर त्याचे ऐकतो कोण?

फ्रान्समधला खटला पाहा. लिओं शहरी व्हर्गँ याने १८५९ साली अॅनिलीनपासून किरमिजी रंग काढला व रेनार बंधूंनी त्याचे पेटंट घेतले. प्रतिस्पर्धी म्हणाले, हा रंग नातान्सनने १८५६ साली व हॉफमनने १८५८ साली पाहिला होता, तसे छापूनही आले आहे. कोर्टाने निकाल दिला की, पाहिला असेल, पण त्यांनी तो कापड रंगवायला वापरला नाही, शोध रेनारांचाच! शिवाय पेटंट खुद्द रंगावरच धरले गेले. त्यामुळे दुसऱ्या कृतीने तोच रंग करणाऱ्यालाही बंदी झाली. कित्येक रंगवाले सरळ स्वित्झर्लंडला गेले.

पुढे मंजिष्ठेच्या तांबड्या रंगाची कृत्रिम कृती निघाली. इंग्लंडात कारो, ग्रेब व लीबरमान यांचा अर्ज २५ जून १८६९ चा, पर्किनचा दुसऱ्याच दिवशीचा. अखेर दोघांनी बाजार वाटून घेतला. भांडवलवाल्यांचे भांडण असे मिटते.

लिओंला छापील कागद होता, पण वापर नव्हता, म्हणून तो टिकला नाही. हळदीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. परदेशातला नुसता वापर तेव्हाचा तिथला कायदा मोजत नसे; छापील पुरावा हवा. गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ३२ दाखले पुढे ठेवले आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. आपल्या आजीची साक्ष मात्र तिथे चालली नसती. कामगारांची प्रकरणे चालविताना हेच मी वर्षानुवर्षे पाहिले आहे: ज्याच्याजवळ हजेरीपट, त्याचे खरे.

आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात स्थानिक समाजाचे तोंडी ज्ञानही हरकतीचे कारण म्हणून मान्य झाले. कलम चांगले आहे. पण जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ साली. कलम यायला त्यानंतर शंभरावर वर्षे गेली, आणि तोवर रांजणात नीळ आंबविणारी घरे विरळ झाली होती.