मार्माऱ्याचे दुहेरी पाणी

काळ्या समुद्रात डॅन्यूब, नीपर अशा मोठ्या नद्या येऊन मिळतात. त्यामुळे तिथल्या एक किलो पाण्यात मीठ साधारण १८ ग्रॅम. भूमध्य समुद्रात ते ३८ ग्रॅमच्या घरात. ही दोन पाणी मार्मारा समुद्रात भेटतात, पण सहजी मिसळत नाहीत. हलके वरून भूमध्याकडे वाहते, जड खालून उलट येते.

हे इस्तंबूलच्या कोळ्यांना ठाऊक होते. त्यांच्याकडून ऐकून मार्सिली नावाच्या इटालियन तरुणाने बॉस्फरसमध्ये दोरी सोडून पाहिले, मग पेटीत दोन्ही पाणी घेऊन प्रयोग केला आणि १६८१ मध्ये पुस्तक छापले. कोळ्यांची नावे मात्र त्यात आली नाहीत म्हणा!

आता १९१५ कडे येऊ. एई-२ ही ऑस्ट्रेलियाची पाणबुडी, कप्तान हेन्री स्टोकर. २५-२६ एप्रिलला तिने डार्डानेल्स पार केले. ३० तारखेला मार्माऱ्यात तिचे नाक एकाएकी वर उचलले गेले आणि शत्रूच्या टॉर्पेडो बोटीसमोर ती पृष्ठभागावर आली. बुडी मारायला गेले तर थेट खोल जाऊ लागली. पुन्हा वर आली तेव्हा गोळ्यांनी भोके पडली. स्टोकरने तिला स्वतःच बुडवले. ३२ जण कैद झाले.

घनतेतला फरक हे याचे कारण मानतात, आणि हिशोब सोपा आहे. पाणबुडी तरंगते ती बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनावर. पाण्याखाली सुमारे ८०० टनांच्या त्या पाणबुडीला वरच्या पाण्यातून खालच्यात जाताना अचानक दहाएक टनांचा उचल मिळतो. टाक्यांत पाणी घेऊन तो मारला, की वर येताना तेच पाणी ओझे होते. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही ‘कारण’ आणि ‘दोष’ वेगळे करायला सांगत असू. स्टोकरच्या बाबतीत ते जरूर करावे.

कारण त्याच उन्हाळ्यात ई-११सारख्या ब्रिटिश पाणबुड्यांनी हाच थर गादीसारखा वापरला. वजन असे जुळवायचे की वरच्या पाण्यात बुडावे, खालच्यात शिरू नये. मग मोटार बंद! बॅटरी वाचते, आवाज नाही, माणसे झोपू शकतात.

एई-२ सापडली १९९८ साली, सत्तरहून अधिक मीटर खोल. म्हणजे त्या खारट, जड पाण्यातच.