ब्लॅकबर्न रोव्हर्स

इंग्लंडमधील एक जुना व्यावसायिक फुटबॉल संघ. स्थापना १८७५. वायव्य इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले ब्लॅकबर्न हे त्याचे गाव आणि ईवुड पार्क हे १८९०पासूनचे घरचे मैदान. अर्धा निळा, अर्धा पांढरा असा उभा दुभागलेला सदरा ही त्याची ओळख. ‘फुटबॉल लीग’ (१८८८) आणि ‘प्रीमियर लीग’ (१९९२) या दोन्ही स्पर्धांच्या संस्थापकांत असलेले संघ तीनच : अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि रोव्हर्स. पहिले दोन बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूलसारख्या महानगरांतले. ब्लॅकबर्नची वस्ती मात्र आजही सव्वा लाखाच्या घरात. एवढ्याशा गावाने तीनदा लीगचे विजेतेपद आणि सहा वेळा एफए कप मिळवला, यामागे जितका खेळ आहे तितकाच पैसा. हा पैसा आधी गिरणीमालकांचा होता, मग पोलादाच्या व्यापाऱ्याचा आणि आता पुण्यातल्या कोंबडीपालन उद्योगाचा.

ब्लॅकबर्न हे विणकरांचे गाव. इथल्या मागांवरचे कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येई आणि त्यात धोतरजोड्यांचा भरणा असे. शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या की कामगार फुटबॉलकडे वळत. रोव्हर्स हा मात्र कामगारांनी काढलेला संघ नव्हे. जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या सुखवस्तू घरांतल्या तरुणांनी ५ नोव्हेंबर १८७५ रोजी सेंट लेजर हॉटेलात बैठक बोलावली आणि संघ उभा राहिला. पहिला सामना चर्च या शेजारच्या गावाशी झाला, तो १-१ असा बरोबरीत सुटला. हे लुईस पुढे नामांकित पंच झाले. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकचा अंतिम सामना त्यांच्याकडे होता. साठी ओलांडलेल्या या पंचाच्या निर्णयांवर रागावून चेकोस्लोव्हाकियाचा संघ अर्ध्यावरच मैदान सोडून गेला.

त्या काळी पैसे घेऊन फुटबॉल खेळणे नियमबाह्य होते. लँकेशायरमध्ये हा नियम पाळला जात नसे, हे सगळ्यांना ठाऊक होते. स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणायचे, त्यांना एखादी नावापुरती नोकरी द्यायची आणि पाकीट वेगळे, अशी रीत होती. फर्गस सुटर हा ग्लासगोचा पाथरवट आधी शेजारच्या डार्वेन संघाकडे आला. इंग्लंडचा दगड फार कठीण आहे असे कारण सांगून त्याने छिन्नी खाली ठेवली, आणि १८८०मध्ये रोव्हर्सने त्याला आपल्याकडे ओढले. डार्वेनकर भयंकर संतापले. फोडाफोडीचा हा आरोप रोव्हर्सवर पुढेही अनेकदा झाला आणि तो सहसा खोटा नव्हता.

१८८२मध्ये रोव्हर्स एफए कपच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि ओल्ड इटोनियन्स या उमरावांच्या मुलांच्या संघाकडून १-० असा हरला. पुढच्याच वर्षी त्याच इटोनियन्सना ब्लॅकबर्नच्याच दुसऱ्या संघाने, विणकर आणि लोहकामगारांच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, हरवून कप पहिल्यांदा उत्तरेत आणला. इंग्लिश फुटबॉल साहेबलोकांच्या हातून निसटला तो इथे. खरा मान ऑलिंपिकचा. पण तो संघ पैशाअभावी १८८९मध्ये मोडला आणि गावात एकटा रोव्हर्स उरला.

रोव्हर्सने १८८४ आणि १८८५मध्ये ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला, तर १८८६मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला फेरसामन्यात हरवून कप सलग तीनदा जिंकला. त्याबद्दल फुटबॉल असोसिएशनने (एफए) संघाला खास चांदीची ढाल दिली. त्यानंतर अशी हॅट्ट्रिक कोणालाही साधलेली नाही. १८८५च्या जुलैत व्यावसायिक खेळाला अधिकृत मान्यता मिळाली. संघाचा जेम्स फॉरेस्ट हा इंग्लंडकडून खेळलेला पहिला व्यावसायिक खेळाडू मानला जातो. त्याच्या समावेशावर स्कॉटिश मंडळींनी आक्षेप घेतला होता. १८९०मध्ये शेफील्ड वेन्सडेवर ६-१ असा विजय मिळाला, त्यात विल्यम टाउनलीने कपच्या अंतिम सामन्यातली पहिली हॅट्ट्रिक नोंदवली. १८९१मध्ये पुन्हा कप आला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातला एक सामना सांगण्याजोगा आहे. समोर बर्नली, म्हणजे दहा-बारा मैलांवरच्या गिरणगावचा संघ आणि रोव्हर्सचा हाडवैरी. जोराची हिमवृष्टी, बोटे बधिर, त्यात रोव्हर्स पिछाडीवर. दोन खेळाडूंची जुंपली म्हणून पंचांनी दोघांनाही बाहेर काढले, तेव्हा रोव्हर्सचे बाकीचे खेळाडूही चालते झाले. राहिला फक्त गोलरक्षक हर्बी आर्थर. बर्नलीचे खेळाडू चाल करून आले तसे त्याने ‘ऑफसाइड’चे अपील केले. दहाजणांविरुद्ध एकटा गोलरक्षक असताना पुढचा प्रत्येक जण ऑफसाइड ठरणारच. नियमाने तो चूक नव्हता. अखेर पंचांनी सामना थांबवला.

विसाव्या शतकाच्या आरंभी लॉरेन्स कॉटन या गिरणीमालकाने अध्यक्ष म्हणून थैली सैल सोडली. मैदानावर नवी प्रेक्षागृहे उभी राहिली. डॅनी शे याला वेस्ट हॅमकडून २,००० पौंडांना आणि पर्सी डॉसनला स्कॉटलंडच्या हार्ट्सकडून २,५०० पौंडांना घेतले; त्या काळी या विक्रमी रकमा होत्या. १९१२ आणि १९१४मध्ये लीगचे विजेतेपद मिळाले. कर्णधार बॉब क्रॉम्प्टन मात्र याच गावचा. या उजव्या बचावपटूने इंग्लंडकडून ४१ सामने आणि रोव्हर्सकडून पाचशेहून अधिक लीग सामने खेळले.

पहिल्या महायुद्धानंतर ब्लॅकबर्नच्या कापडाची हिंदुस्थानातली बाजारपेठ आटत गेली : मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी माल आणि स्वदेशीची चळवळ. १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत आलेले गांधीजी बेकार विणकरांना भेटायला डार्वेनला आले होते. १९२८चा एफए कप (हडर्सफील्डवर ३-१) हे त्या सुबत्तेचे शेवटचे देणे म्हणायला हरकत नाही. १९३६मध्ये संघ पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे चढउताराची, बरीचशी उताराचीच. रॉनी क्लेटन आणि ब्रायन डग्लस हे इंग्लंडकडून खेळलेले दोन मोठे खेळाडू याच काळातले. १९६०च्या कप अंतिम सामन्यात बचावपटू डेव्ह व्हेलनचा पाय मोडला, बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, आणि दहाजणांचा संघ वुल्व्ह्‌सकडून ३-० असा हरला. सत्तरच्या दशकात तिसरी श्रेणीही पाहून झाली.

जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस. वडिलांच्या पत्राकामाच्या छोट्या धंद्यातून त्याने भावासह मोठा पोलाद व्यवसाय उभारला, तो ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१मध्ये लहानपणापासूनचा आपला संघ ताब्यात घेतला. लिव्हरपूलचा दिग्गज केनी डॅल्ग्लिश दुसऱ्या श्रेणीतल्या या संघाचा व्यवस्थापक झाला, हेच लोकांना खरे वाटेना. १९९२मध्ये संघ वरच्या श्रेणीत आला आणि विक्रमी किमतीला अ‍ॅलन शियररला आणले. दोन वर्षांनी ५० लाख पौंडांना ख्रिस सटन आला. ‘विकत घेतलेले यश’ अशी टीका झाली. पण तीच टीका सुटरच्या वेळीही झाली होती.

१४ मे १९९५, हंगामाचा शेवटचा दिवस. सामना लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर. शियररने गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात गेली. रोव्हर्स २-१ असा हरला. तेवढ्यात लंडनहून बातमी आली : मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने १-१ असे रोखले होते. ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाच्या फरकाने रोव्हर्स ८१ वर्षांनी विजेता ठरला. शियररचे त्या हंगामातले लीग गोल ३४.

उतरणही तितक्याच वेगाने लागली. चॅम्पियन्स लीगमध्ये संघ गटात तळाला राहिला. मॉस्कोत तर डेव्हिड बॅटी आणि ग्रॅम ल सो हे सहकारी खेळाडूच भर सामन्यात एकमेकांशी भिडले. १९९६मध्ये शियरर दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला, न्यूकॅसलला गेला. १९९९मध्ये संघ खाली घसरला आणि २००१मध्ये परतला, पण ते पाहायला वॉकर उरला नव्हता. २०००च्या ऑगस्टमध्ये त्याचे निधन झाले. २००२मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कप जिंकला.

वॉकरच्या विश्वस्तांकडून नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या ‘व्यंकटेश्वरा हॅचरीज’ (व्हेंकीज) समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना संघ घेतला. प्रीमियर लीगमधला हा पहिला भारतीय मालकीचा संघ. महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम अ‍ॅलरडाइसला काढून स्टीव्ह कीनला नेमले, आणि प्रेक्षकांचा विश्वास उडाला तो तिथे. रोव्हर्सचे खेळाडू कोंबडीच्या तंगड्या खाताना दाखवणारी जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. मे २०१२मध्ये विगनविरुद्ध घरच्याच मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगबाहेर पडला. त्या सामन्यात कोणा प्रेक्षकाने निळ्या-पांढऱ्या कापडात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात व्यवस्थापक इतक्या झपाट्याने बदलले की हेनिंग बर्ग ५७ दिवसच टिकला. २०१७मध्ये संघ गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसऱ्या कुठल्याही संघावर तोवर ही वेळ आली नव्हती.

टोनी मोब्रे यांच्या हाताखाली संघ वर्षभरातच दुसऱ्या श्रेणीत परतला. २०२३मध्ये सहाव्या क्रमांकाच्या संडरलंडइतकेच ६९ गुण मिळवूनही गोलफरकामुळे बढतीच्या प्लेऑफमधली जागा हुकली. मालकांवरचा रोष ओसरलेला नाही, निदर्शने अधूनमधून होतातच. दुसरी बाजू अशी की दरवर्षीचा तोटा याच मालकांनी भरून काढला आहे. वॉकरने बरेचसे नव्याने बांधलेले ३१ हजार आसनांचे ईवुड पार्क आताच्या प्रेक्षकसंख्येला मोठे पडते. सामन्यांना बऱ्याचदा निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या असतात.