मुंबईतील घरांचा बाजार

मुंबईतील घरांचा बाजार : मुंबई शहर व उपनगरे यांतील निवासी जागांची खरेदी-विक्री, भाड्याचे व्यवहार व त्यांच्या किंमतींतील चढउतार यांचा या नोंदीत ऐतिहासिक आढावा घेतला आहे. समुद्राने वेढलेली चिंचोळी भूमी, लोकसंख्येचा अखंड ओघ आणि जमिनीच्या वापरावरील कायदेशीर बंधने या तीन घटकांनी हा बाजार घडविला. पहिल्या दोहोंची चर्चा नेहमी होते. तथापि किंमतींच्या इतिहासात तिसरा घटकही तितकाच निर्णायक ठरल्याचे आढळते.

आरंभीचा काळ : अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खुंटला व मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. त्यातून समुद्र हटवून जमीन मिळविण्यासाठी बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्या निघाल्या व त्यांच्या भागांचा सट्टा झाला. युद्ध संपताच १८६५ मध्ये हा डोलारा कोसळला. जमिनीच्या भावी किंमतीवर खेळल्या गेलेल्या जुगाराचे शहरातील हे पहिले मोठे उदाहरण होय. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली व पुढे तिने दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती पाडल्या. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. गिरणी कामगारांसाठी १९२० नंतर शासनाच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. मात्र बहुसंख्य मुंबईकर या काळात भाड्यानेच राहत. घर विकत घेणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती.

भाडेनियंत्रण व पागडी : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाडेवाढीला कायद्याने प्रथम आळा घालण्यात आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः प्रमाणभूत मानले. भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचविणे हा त्याचा हेतू होता व तो बऱ्याच अंशी सफलही झाला. परंतु भाडे गोठल्याने मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही व भाड्यासाठी नव्या इमारती बांधणे आतबट्ट्याचे ठरले. भाडेकरूच्या वहिवाटीलाच किंमत आली आणि जागा सोडताना वा देताना घेतली जाणारी पागडी, कायद्याने गुन्हा असूनही, सर्रास रूढ झाली. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला. गोठविलेले भाडे काळाशी विसंगत झाल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये व्यक्त केले. त्यानंतरच्या १९९९ च्या अधिनियमाने वार्षिक चार टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली.

मालकी हक्काची सदनिका : भाड्याची बांधकामे थंडावल्यावर विक्रीसाठी सदनिका बांधण्याची प्रथा वाढली. ग्राहकांची फसवणूक टाळण्यासाठी १९६३ मध्ये मालकी सदनिकाविषयक अधिनियम झाला. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी अनुज्ञेय बांधकामाचे प्रमाण, लागू झाला. १९९१ च्या नियमावलीत तो शहरात सामान्यतः १·३३ व उपनगरांत १ होता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा अधिनियमाने मुंबईत ५०० चौ. मी. ची मर्यादा घातली. अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी हा उद्देश होता. प्रत्यक्षात बरीच जमीन दावे व सवलतींच्या अर्जांत अडकून पडली आणि मोकळ्या जमिनीची टंचाई वाढली. राज्याने २००७ मध्ये हा कायदा रद्द केला, तरी किंमती उतरल्या नाहीत. याच दशकांत दस्तातील किंमत व प्रत्यक्ष दिलेली किंमत यांत अंतर पडले. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये कमी किंमत दाखविलेली मालमत्ता स्वतः खरेदी करण्याचा अधिकार आयकर खात्यास देण्यात आला. तो २००२ पर्यंत होता.

तेजी-मंदी व गिरण्यांच्या जमिनी : १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर किंमती वेगाने चढल्या, १९९५ च्या सुमारास शिखरास पोहोचल्या व नंतर काही वर्षे घसरल्या. २००३ नंतर स्वस्त गृहकर्जामुळे पुन्हा तेजी आली. तिचा सर्वांत ठळक परिणाम गिरणगावावर झाला. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या होत्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे महापालिका, गृहनिर्माण मंडळ व मालक असे तीन वाटे ठरविले. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती मर्यादित केली. २००५ मध्ये लोअर परळच्या मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली. दुरुस्तीस दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये टिकले नाही. ज्या लालबाग-परळच्या चाळींत कामगारांच्या पिढ्या वाढल्या, तेथील अनेक कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी दूर सरकली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी २०१२ मध्ये निघालेल्या सोडतीत उपलब्ध घरांच्या कितीतरी पट अर्जदार होते.

अलीकडील काळ : २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार मे २०१७ पासून महाराष्ट्रात नियामक प्राधिकरण कार्य करू लागले व प्रकल्पांची नोंदणी बंधनकारक झाली. कोव्हिडच्या साथीत, सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणताच व्यवहारांना उधाण आले व एकट्या डिसेंबरात मुंबईत एकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले.

समालोचन : शुल्क वा व्याजदर उतरताच विक्री वाढते, किंमत मात्र सहसा उतरत नाही, कारण विकसक घरे न विकता राखून ठेवू शकतो. राहणाऱ्याच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यांनी जे आत होते त्यांना आसरा दिला. परंतु नव्याने येणाऱ्यासाठी घरांचा साठा वाढविला नाही. म्हणून या बाजारातील किंमत ही मागणीइतकीच परवानगीचीही किंमत ठरली आहे.